कमाल तापमानाशेजारी सकाळची आर्द्रताही छापावी

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानावर रोज नाशिकचे कमाल आणि किमान तापमान छापले जाते, आणि मार्च ते जून या काळात शहरातील बहुतेक लोक मोठ्या बातमीच्या आधी तो लहानसा चौकोनच पाहतात. त्या चौकोनात तिसरा एक आकडा, म्हणजे सकाळची सापेक्ष आर्द्रता, छापली जावी, अशी विनंती करण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. विनंती लहान असली तरी तिच्यामागे नऊ उन्हाळ्यांचा अनुभव आहे आणि तो सविस्तर सांगितल्याखेरीज तिचे कारण आपल्या लक्षात आणून देता येणार नाही. त्यामुळे पत्र लांबले आहे, याबद्दल क्षमस्व.

मी नाशिकमधील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझे वय 47 असून वयाच्या अडतिसाव्या वर्षी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालण्यापासून मी सुरुवात केली. वर्षभरात चालण्याचे धावणे झाले, पुढे अर्धमॅरेथॉन आणि त्यानंतर 42.195 किलोमीटरच्या तीन पूर्ण मॅरेथॉन झाल्या. माझा वेग साधारण आहे आणि पदकासाठी मी धावत नाही. मात्र रविवारचा लांब पल्ला हा माझ्या आठवड्याचा कणा आहे आणि तो चुकला तर पुढचे सहा दिवस मला अपुरे वाटतात.

उन्हाळा आला की नातेवाईक, शेजारी आणि कधी कधी वर्तमानपत्रांतील आरोग्यविषयक सदरेही आम्हाला एकच सल्ला देतात, तो म्हणजे चार महिने धावणे बंद ठेवण्याचा. हा सल्ला मायेपोटी दिला जातो, हे मी जाणते, पण लांब पल्ल्याच्या सरावाचे गणित त्यात बसत नाही. साताऱ्याची डोंगरावरील अर्धमॅरेथॉन पावसाळ्याच्या उत्तरार्धात होते, म्हणून तिची तयारी मे-जूनमध्येच सुरू करावी लागते. दक्षिण आफ्रिकेतील सुमारे 90 किलोमीटरची कॉम्रेड्स ही शर्यत साधारणपणे जूनमध्ये असते, त्यामुळे तिला जाणाऱ्या आपल्याकडच्या धावपटूंना सर्वांत लांब पल्ले नेमके एप्रिल आणि मेमध्ये पूर्ण करावे लागतात. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत असली, तरी तिच्या सरावाचे महत्त्वाचे आठवडे ऑक्टोबरच्या उकाड्यातून जातात. म्हणजे उन्हाळा टाळून लांब पल्ल्याचा धावपटू होणे नाशिकमध्ये जवळजवळ अशक्य आहे. उन्हाळ्यात धावायचे कसे, हे शिकून घेणे एवढाच मार्ग उरतो, आणि ते शिकताना मी जी मोठी चूक केली तिच्यापासूनच मला सांगायला हवे.

माझा चौथा उन्हाळा होता. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातील रविवारी माझ्या एका मैत्रिणीबरोबर गंगापूर नाक्यावरून निघून आनंदवल्ली, सोमेश्वर, गोवर्धन करत दुगावच्या पुढे जायचे आणि परत यायचे, असा 28 किलोमीटरचा बेत ठरला होता. आदल्या रात्री घरातील लग्नाचा स्वागत समारंभ असल्याने झोपायला उशीर झाला आणि साडेचारऐवजी पावणेसहाला निघालो. आदल्या दिवशीच्या आपल्या अंकात कमाल तापमान 38 अंश होते. आधीच्या आठवड्यात ते चाळिशीला टेकले होते, म्हणून आजचा दिवस त्या मानाने सौम्य आहे, असे मी मनाशी ठरवून टाकले. जवळ पाण्याच्या दोन लहान बाटल्या होत्या आणि त्या पुरतील, असे वाटण्याचे कारणही तसेच होते. अंगावरचे कपडे पूर्ण कोरडे होते, कपाळावर घामाचा थेंब नव्हता, त्यामुळे आज फारसा घाम येत नाही, अशीच माझी समजूत झाली.

परतीच्या वाटेवर साडेआठच्या सुमारास गोवर्धनच्या अलीकडे भर उन्हात माझ्या हातांवर काटा आला आणि अंगातून शिरशिरी गेली. उन्हात थंडी वाजणे हा धोक्याचा इशारा आहे, हे आज मी झोपेतही सांगेन. त्या वेळी मात्र वारा सुटला आहे, असे वाटून मला बरेच वाटले. मैत्रिणीने विचारले, किती राहिले? मी उत्तर दिले ते चुकीचे होते. तिने पुन्हा विचारले, तेव्हा मी वेगळे आणि तेही चुकीचे उत्तर दिले, आणि थांबायला सांगितल्यावर तिच्यावर चिडले. तिने मला दंडाला धरून रस्त्याकडेच्या वडाखाली बसवले. शेजारच्या रसवंतीवरील दादांनी काहीही न विचारता माठातले पाणी माझ्या मानेवर आणि डोक्यावर ओतायला सुरुवात केली, आपला ओला पंचा माझ्या खांद्यावर टाकला आणि पुठ्ठ्याने वारा घातला. वीस मिनिटांनी डोके ताळ्यावर आले, तेव्हा मी स्वतःकडे पाहिले. काळ्या टोपीवर, बाह्यांवर आणि गालांवर मिठाचा पांढरा थर चढला होता. म्हणजे घाम आला होता, भरपूर आला होता, पण दिसण्याआधीच तो वाळून जात होता.

वर्गात मी हाच धडा दर वर्षी शिकवते. माठाच्या सच्छिद्र भिंतीतून पाणी झिरपते, बाहेरच्या कोरड्या हवेत त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, म्हणून एप्रिलमध्ये माठातले पाणी गार लागते. जुलैमध्ये तोच माठ आणि तेच पाणी असूनही ते गार होत नाही, कारण हवेत आधीच इतकी वाफ असते की माठावरचे पाणी वाळतच नाही. मुलांना हे पटकन समजते. धावणारे शरीर म्हणजे आतून सतत तापवला जाणारा माठ आहे, हे मला मात्र त्या वडाखाली बसल्यावर समजले.

त्याचे गणित सोपे आहे आणि प्रत्येक धावपटूने ते एकदा स्वतःसाठी मांडून पाहावे, असे मला वाटते. सपाट रस्त्यावर एक किलोमीटर धावायला शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी ऊर्जा लागते. माझे वजन 58 किलो आणि वेग ताशी 9 किलोमीटर धरला, तर तासाला सुमारे 520 किलोकॅलरी खर्च होतात. यातील जेमतेम पाव भाग पाय हलवण्याच्या कामी येतो आणि उरलेल्या सुमारे 390 किलोकॅलरींची उष्णता होते. ही उष्णता अंगातच कोंडली गेली, तर दर सात-आठ मिनिटांना शरीराचे तापमान एक अंशाने वाढेल, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत माणूस प्राणघातक तापाला पोचेल. ती बाहेर टाकण्याचा उन्हाळ्यातील मुख्य मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला, तर तो सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता नेतो. म्हणजे केवळ स्वतःची उष्णता काढायला माझ्या अंगावरून तासाला पाऊण लिटरच्या जवळपास घाम वाळायला हवा आणि वर चढणाऱ्या उन्हाचा हिशेब त्याहून वेगळा. यातला ‘वाळणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण हनुवटीवरून टपकून रस्त्यावर पडलेला घाम शरीरातले पाणी आणि मीठ घेऊन जातो, पण उष्णता जवळपास काहीच नेत नाही.

म्हणूनच हवेचे तापमान एकटे पाहून काहीच कळत नाही. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले, तर पाणी वाळल्यामुळे तो हवेपेक्षा कमी अंश दाखवतो. या वेट-बल्ब तापमानावरून घामाने शरीर किती गार होऊ शकेल, याचा अंदाज येतो. हवा 38 अंशांची आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर ओल्या फडक्याचा तापमापक सुमारे 21 अंश दाखवतो. हवा 30 अंशांचीच, पण आर्द्रता 75 टक्के असेल, तर तोच तापमापक 26 अंशांवर जातो. आपल्या चौकोनात पहिला दिवस भयंकर आणि दुसरा सुखद दिसेल. सावलीत धावणाऱ्याच्या घामाला मात्र दुसरा दिवसच जड आहे.

1950 च्या दशकात अमेरिकेच्या मरीन दलातील नव्या सैनिकांना प्रशिक्षणात वारंवार उष्माघात होत असे, तेव्हा उष्णतेचा ताण मोजण्यासाठी एक संमिश्र निर्देशांक तयार करण्यात आला. जगभर शर्यती आणि सैनिकी कवायती यांसाठी तो आजही वापरला जातो. त्यात ओल्या फडक्याच्या तापमापकाला 70 टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला 20 टक्के आणि हवेच्या साध्या तापमानाला केवळ 10 टक्के वजन दिलेले आहे. जो आकडा आपण रोज ठळक अक्षरांत छापता, त्याचे वजन या हिशेबात सर्वांत कमी आहे, एवढेच मला नम्रपणे निदर्शनास आणायचे आहे.

त्या प्रसंगानंतर मी शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा साधा कोरड्या-ओल्या तापमापकांचा जोड विकत घेऊन घराच्या गच्चीत सावलीत टांगला आणि धावायला निघण्यापूर्वी दोन्ही आकडे वहीत लिहू लागले. एप्रिलमधील एका नेहमीच्या पहाटेची नोंद आहे: हवा 22 अंश, आर्द्रता 40 टक्के, ओला तापमापक 14 अंश. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवरच्या आपल्या गावाला निसर्गाने दिलेली ही देणगीच आहे. मुंबईच्या धावपटूंना मे महिन्यात अशी पहाट स्वप्नातही मिळत नाही. मात्र ही देणगी सकाळी साडेसातपर्यंतच असते. त्यानंतर ऊन तापते आणि कोरडी हवा अंगातले पाणी नकळत शोषून घेते. धावण्याआधी आणि नंतर वजन करून मी हे मोजले आहे. माझ्या फजितीच्या दिवसासारख्याच एका कोरड्या सकाळी, तीन तासांत पाऊण लिटर पाणी पिऊनही माझे वजन सव्वादोन किलोने घटले होते. म्हणजे तीन लिटर पाणी अंगातून गेले आणि अंगरखा शेवटपर्यंत कोरडाच होता. तेव्हापासून कोरड्या दिवसांत मी तहानेची वाट पाहत नाही आणि घाम दिसत नाही याचा आनंदही मानत नाही.

शरीराला उष्णतेची सवय होते, हा या सगळ्यातील सर्वांत दिलासा देणारा भाग आहे. रोज तासभर किंवा त्याहून थोडे अधिक, संथ गतीने उबदार हवेत धावत राहिले, तर पहिल्या पाचेक दिवसांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडू लागतात. पुढे घाम लवकर सुटतो, अधिक येतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. ही जुळवणी दहा ते चौदा दिवसांत बहुतांशी पूर्ण होते. मी तिला आपल्या पंचांगाशी जोडून घेतले आहे. होळीपासून रंगपंचमीपर्यंतचे पाच दिवस मी वेग आणि अंतर दोन्ही निम्म्यावर आणते, आणि रंगपंचमीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या दहा दिवसांत ते हळूहळू पूर्ववत करते. होळीनंतर ऊन वाढते, हे आपल्या आजी-पणजींना ठाऊक होते आणि होळी ते पाडवा हे अंतर पंधरा दिवसांचेच आहे, हे जुळून आल्याचे मला फार समाधान वाटते. ही सवय जितक्या लवकर येते तितक्याच लवकर जाते. दोन-तीन आठवडे वातानुकूलित खोलीत काढले किंवा आजारपणात गेले, तर पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागते. दिवसभर गार कार्यालयात बसून फक्त रविवारी तीस किलोमीटर धावणाऱ्या तरुणांबद्दल मला म्हणूनच सर्वांत जास्त काळजी वाटते.

गिरणारे परिसरातील द्राक्षबागांत एप्रिलच्या खरड छाटणीची कामे चालू असतात, तेव्हा पेठ-सुरगाण्याकडून आलेली माणसे आम्हाला पहाटे वाटेत भेटतात. दिवस उगवायच्या आधी ती कामाला लागलेली असतात, डोके आणि मान सुती कापडाने पूर्ण झाकलेली असते आणि ऊन वर आले की झाडाखाली बसतात. त्यांच्यापैकी एका मावशींनी मला धापा टाकताना पाहून सांगितले होते, ‘दमानं जा बाई, ऊन कुठं पळून नाही चाललं.’ त्या कष्टांना आमच्या छंदाच्या पंगतीत बसवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. त्यांना थांबण्याची मुभा नसते, आम्हाला ती असते, आणि तरीही आम्हीच थांबत नाही, याची मला खंत वाटते.

आता दुसरा प्रसंग सांगते, कारण आर्द्रतेच्या आकड्याची मागणी मुख्यतः त्यातून आली आहे. तीन वर्षांपूर्वी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस अद्याप आला नव्हता, पण आभाळ भरून आले होते. कमाल तापमान चाळीसवरून चौतिसावर उतरल्याची बातमी वाचून आमच्या गटात सगळ्यांना हायसे वाटले आणि मखमलाबादच्या रस्त्याला 21 किलोमीटर वेगात धावायचे ठरले. त्या पहाटेची माझी नोंद होती: हवा 26 अंश, आर्द्रता 92 टक्के, ओला तापमापक 25 अंश. एप्रिलच्या पहाटेपेक्षा तब्बल 11 अंश जास्त! मी ही नोंद वाचून दाखवली, पण मी स्वतःही तिचा पुरेसा आग्रह धरला नाही, हे कबूल केले पाहिजे.

अठराव्या किलोमीटरला आमच्यातील सर्वांत तंदुरुस्त, जेमतेम तिशीचा तरुण झोकांड्या खाऊ लागला. तो असंबद्ध बोलत होता आणि घामाने नखशिखांत भिजलेला होता. जमलेल्यांपैकी एका काकांनी सांगितले की, एवढा घाम येतो आहे म्हणजे ऊन लागलेले नाही, साखर कमी झाली असेल. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि तो जीवघेणा आहे. घरात बसलेल्या वृद्धांना होणाऱ्या उष्माघातात त्वचा बहुधा कोरडी असते, परंतु श्रमाने होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. तापलेले शरीर आणि बिघडलेले भान या दोन खुणा एकत्र दिसल्या की, दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो उष्माघातच धरायचा असतो. सुदैवाने शेजारच्या मळ्यात पाण्याचा हौद होता. तिघांनी त्याला उचलून गळ्यापर्यंत पाण्यात बसवले, डोके वर धरून ठेवले आणि एकाने 108 क्रमांकावर फोन केला. रुग्णवाहिका येईपर्यंत तो पाण्यातच होता आणि ती आली तेव्हा स्वतःचे नाव सांगू लागला होता. दोन दिवस रुग्णालयात राहून तो बरा झाला. आधी गार करा आणि मगच हलवा, हा नियम क्रीडावैद्यकात आता सर्वमान्य आहे, कारण शरीराचे तापमान 40 अंशांच्या वर जितकी मिनिटे राहते तितकी मेंदू, यकृत आणि मूत्रपिंड यांची हानी होत जाते. पहिल्या अर्ध्या तासात ते खाली आणता आले तर माणूस बहुधा पूर्ण बरा होतो. अशा वेळी तापाची गोळी देण्याचा उपयोग नसतो आणि वेदनाशामक गोळी तर मूत्रपिंडाला अपायकारक ठरू शकते.

त्या दिवशी ऊन नव्हते, आणि आपल्या चौकोनातील आकडा दिलासा देणारा होता. ऊन नसताना उष्णता काय करू शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण 2019 च्या दोहा येथील जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेत दिसले. उष्णता टाळण्यासाठी महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सोडण्यात आली. सूर्याचा प्रश्नच नव्हता, परंतु तापमान सुमारे 32 अंश आणि आर्द्रता 70 टक्क्यांहून अधिक होती. जगातील निवडक 68 धावपटूंपैकी 28 जणी शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत. पुढे टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उष्णतेच्या भीतीने साप्पोरोला हलवण्यात आली आणि 2021 मध्ये महिलांच्या शर्यतीची वेळ आदल्या रात्री बदलून सकाळी सातऐवजी सहा करण्यात आली. ऑलिंपिकचे संयोजक एका तासासाठी एवढी धावपळ करतात, तेव्हा आपल्याकडील शर्यतींबद्दलही चार शब्द लिहिणे मला भाग आहे.

एका शर्यतीत (तिचे नाव लिहिण्याची गरज नाही) मार्चअखेरच्या सकाळी साडेपाचची वेळ देऊन आम्हाला प्रत्यक्षात साडेसहा वाजता सोडण्यात आले, कारण पाहुणे यायचे होते आणि त्यांची भाषणे व्हायची होती. सर्वांत पुढच्या धावपटूंना याचा फारसा त्रास झाला नाही. 21 किलोमीटरला अडीच-तीन तास घेणाऱ्या आम्हा मागच्यांना मात्र शेवटचा तास पूर्ण उन्हात काढावा लागला आणि शेवटच्या दोन पाणवठ्यांवर पाणी संपले होते. संयोजकांचा हेतू वाईट नव्हता, हे मी मान्य करते. परंतु उन्हाळ्याच्या तोंडावरील शर्यतीत एक तासाचा उशीर ही केवळ गैरसोय नसते. 2023 च्या एप्रिलमध्ये खारघर येथे उघड्या मैदानावरील कार्यक्रमानंतर उष्माघाताने जे मृत्यू झाले, त्यांची आठवण महाराष्ट्राला अजून ताजी असायला हवी. भाषणे बक्षीस समारंभात होऊ शकतात. शर्यतीच्या शेवटी एक जाड ताडपत्री, पाण्याची टाकी आणि बर्फाच्या काही लाद्या तयार ठेवल्या आणि चार स्वयंसेवकांना ताडपत्रीत पाणी धरून माणसाला कसे बुडवायचे हे शिकवले, तर तो खर्च एका स्वागतकमानीपेक्षाही कमी येईल. द्राक्षांच्या या जिल्ह्यात ताडपत्रीला तोटा नाही.

पाण्याबद्दलही थोडे सांगते, कारण एका टोकाचा सल्ला ऐकून माणसे दुसऱ्या टोकाला जातात. चार-पाच तास धावताना केवळ साधे पाणी अतिरेकाने पीत राहिले, तर रक्तातील सोडियम उतरते आणि त्यानेही भान हरपते. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी 13 टक्क्यांत असे सोडियम कमी आढळले होते. म्हणून वजन करून स्वतःचा घाम मोजावा आणि तेवढाच किंवा त्याहून थोडा कमी भरणा करावा. मी लांब पल्ल्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणातील क्षारसंजीवनी (ओआरएस) वापरते. तिच्या एक लिटर पाण्यात 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते. नावात साम्य असलेली गोड पेये वेगळी असतात, त्यामुळे पाकिटावरचे प्रमाण वाचून घ्यावे. घरी परतल्यावर मीठ-जिरे घातलेले ताक आणि कैरीचे पन्हे यांना माझ्या मते तोड नाही. खिशात कांदा ठेवणाऱ्या ज्येष्ठांचा मी अनादर करत नाही, पण तो कांदा ताकाबरोबर भाकरीशी खाल्लेला अधिक उपयोगी पडेल.

पहाटे लवकर धावा, असे सांगणाऱ्यांच्या एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. साडेचार वाजता घराबाहेर पडणे पुरुषाला जितके सोपे आहे तितके बाईला नाही. गोदापार्कच्या बाजूला किंवा गंगापूर गावाच्या पुढे जिथे दिवे बंद असतात, तिथे मी नऊ वर्षांत एकदाही एकटी धावलेली नाही. आमच्या गटातील दोन भगिनी केवळ अंधाराच्या भीतीने उजाडल्यावर, म्हणजे सहानंतर निघतात आणि म्हणून त्यांचा शेवटचा तास उन्हात जातो. त्यांच्या बाबतीत उन्हाचा धोका म्हणजे खरे तर बंद पडलेल्या दिव्यांचा धोका आहे. मार्च ते जून या काळात जॉगिंग ट्रॅकची दारे साडेचारला उघडली आणि नदीकाठचे दिवे उजाडेपर्यंत चालू ठेवले, तर या शहरातील शेकडो स्त्रियांना दिवसातील सर्वांत गार दोन तास मिळतील. जिल्ह्यातील सावरपाड्याहून येऊन नाशिकमध्ये सराव केलेल्या कविता राऊत यांनी 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा आपण सर्वांनी त्यांचा अभिमान मिरवला. धावणाऱ्या मुलींसाठी उजेडाची एवढी सोय शहराने करायला हरकत नसावी.

सावलीचेही तसेच आहे. ज्या वडाखाली मला बसवले होते, तसे वृक्ष आमच्या वाटेवर दर वर्षी कमी होताना दिसतात. काळ्या गोळ्याच्या तापमानाला त्या निर्देशांकात जे 20 टक्के वजन आहे, ते कमी करण्याचे काम झाड करते. 2027 च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामे होत असताना जुनी झाडे राखून आखणी व्हावी, ही मागणी आपल्या दैनिकातून इतरांनी अधिक अधिकाराने मांडली आहे. माझ्याकडून तिला केवळ पाठिंबा नोंदवते.

मूळ विनंतीकडे येते. भारतीय हवामान विभागाच्या वेधशाळांत सकाळी साडेआठ आणि सायंकाळी साडेपाच वाजता तापमानाबरोबर आर्द्रतेचीही नोंद होते, त्यामुळे हा आकडा मिळवण्यासाठी आपल्याला वेगळे कष्ट पडू नयेत. आदल्या सकाळची आर्द्रता छापली गेली, तर दुसऱ्या दिवशीचा धावपटू, बांधकामावरील मुकादम, पोलीस भरतीसाठी मैदानावर सराव करणारी मुले आणि शाळेच्या कवायतीचे शिक्षक, या सर्वांना एवढे तरी कळेल की, उद्या न दिसणाऱ्या घामाचा दिवस आहे की न वाळणाऱ्या घामाचा. पहिल्या दिवशी पाणी आणि मीठ वाढवायचे असते, दुसऱ्या दिवशी वेग आणि अंतर कमी करायचे असते. दोन्ही दिवसांना एकच उपाय लागू पडत नाही आणि कमाल तापमान या दोन दिवसांतला फरक सांगत नाही.

माझ्या वहीत पाच उन्हाळ्यांच्या, सुट्ट्या आणि आजारपण वगळता जवळजवळ सर्व पहाटेच्या नोंदी आहेत. त्या एका घराच्या गच्चीतील साध्या उपकरणावर घेतलेल्या आहेत, वेधशाळेच्या तोडीच्या नाहीत, याची मला जाणीव आहे. तरीही पडताळणीसाठी उपयोग होणार असेल, तर शाळा सुटल्यावर कोणत्याही दिवशी ती वही आपल्या कार्यालयात आणून देण्याची माझी तयारी आहे.

कळावे,

आपली नम्र,
एक शिक्षिका आणि हौशी धावपटू,
गंगापूर रोड, नाशिक